औषधाने जीन दाबलं, की पेशीच एका टप्प्यात अडकल्या? सेल सायकलच्या जनुकांवरचा प्रयोग, पायरीपायरीने

बायोटेक किंवा झूलॉजीच्या डिझर्टेशनसाठी एक विषय हमखास पुढे येतो: अमुक औषध दिल्यावर कॅन्सरच्या पेशींत सेल सायकलची, म्हणजे पेशी विभाजनाच्या चक्राची, कुठली जीन्स वाढतात आणि कुठली कमी होतात. करायला हा प्रयोग फार अवघड नाही. पेशी वाढवा, औषध द्या, आरएनए (चालू जीनची पेशीतली प्रत) काढा, क्यूपीसीआर (ही प्रत किती आहे ते मोजणारी चाचणी) लावा. अवघड आहे ते शेवटी हातात आलेल्या आकड्याचा अर्थ लावणं. 'सायक्लिन बी१ चं एक्स्प्रेशन चार पटींनी कमी झालं, म्हणजे हे औषध ते जीन दाबतं' असं लिहून मोकळं होता येतं, पण व्हायव्हाला आलेला परीक्षक या विषयातला असेल तर पहिला प्रश्न याच वाक्यावर येणार.

कारण ही जीन्स मुळातच टप्प्याटप्प्याने चालू-बंद होतात. विभाजन घडवणाऱ्या सायक्लिन बी१ चा आरएनए जी२ (विभाजनाची तयारी) आणि एम (विभाजन) टप्प्यात भरपूर असतो, जी१ (सुरुवातीची वाढ) मध्ये अगदी कमी. औषधाने पेशी जी१ मध्ये अडकवल्या की त्या जीनला थेट हात न लावताही आकडा खाली येतो. मोंढ्यात एखाद्या दिवशी नुसत्या तुरीच्याच गाड्या आल्या, म्हणून तालुक्यात सोयाबीन पेरलंच नाही असं कुणी म्हणत नाही, तसंच हे. म्हणून जीन मोजण्याआधी पेशी कुठल्या टप्प्यात आहेत ते मोजायचं. बहुतेक सिनॉप्सिसमध्ये नेमकी हीच पायरी नसते.

आधी कागदावर

वेगाने वाढणाऱ्या मानवी पेशीचं एक चक्र साधारण २४ तासांचं धरतात: जी१ सुमारे ११ तास, डीएनएची नक्कल होणारा एस टप्पा ८ तास, जी२ चार तास आणि प्रत्यक्ष विभाजन जेमतेम एक तास. सायक्लिन डी आणि सीडीके४/६ (सायक्लिनच्या जोडीने चालणारी एंझाइम्स) मिळून चक्र रोखून धरणाऱ्या आरबी प्रथिनाला फॉस्फेट लावायला सुरुवात करतात, आरबीची पकड सुटते, ई२एफ हे जीन्स चालू करणारं प्रथिन मोकळं होतं आणि एस टप्प्याची जीन्स चालू होतात. पुढे सायक्लिन ई आणि ए हे सीडीके२ बरोबर, तर सायक्लिन बी सीडीके१ बरोबर काम करतं. या यंत्रणेच्या शोधासाठी लेलँड हार्टवेल, टिम हंट आणि पॉल नर्स यांना २००१ चं नोबेल मिळालं. एवढं पाठ असलं की पुरे.

कागदावर महत्त्वाचा भाग दुसरा आहे. निवडलेलं औषध कुठे घाव घालतं आणि त्यामुळे पेशी कुठे थांबणं अपेक्षित आहे, ते प्रयोगाआधी लिहून काढा. डॉक्सोरुबिसिन टोपोआयसोमरेज २ या डीएनएचे पीळ सोडवणाऱ्या एंझाइमला डीएनएवर अडकवतं, डीएनए तुटतो, अशा वेळी चक्र थांबवणारं पी५३ प्रथिन जागं होतं, सीडीकेंना रोखणारं पी२१ वाढतं; पेशी जी१ आणि जी२ दोन्हीकडे थांबू शकतात, जास्त करून जी२ मध्ये. ५-फ्लुरोयुरासिल थायमिडिलेट सिंथेज (डीएनएचा एक घटक बनवणारं एंझाइम) अडवतं, त्यामुळे एस टप्प्यात गोंधळ होतो. पॅक्लिटॅक्सेल सूक्ष्मनलिका (विभाजनात गुणसूत्रं ओढणारे धागे) घट्ट करून टाकतं, तर आपल्या अंगणातल्या सदाफुलीतून आलेलं विनक्रिस्टिन त्या बनूच देत नाही. परिणाम एकच, पेशी एम टप्प्यात अडकतात. पाल्बोसिक्लिब सीडीके४/६ रोखतं आणि पेशी जी१ मध्ये बसून राहतात, अर्थात आरबी शाबूत असेल तरच.

इथे एक सांगून टाकतो. आपल्याकडे सीताफळाच्या पानांचा नाहीतर कुठल्या तरी रानवनस्पतीचा अर्क घेऊन थेट जीन एक्स्प्रेशनवर उडी मारायची हौस फार. अर्कात शंभर संयुगं असतात. एका मिलिलिटरला दोनशे मायक्रोग्रॅम टाकला तर पेशी कशानेही मरतील. आधी घाव माहीत असलेल्या औषधावर पद्धत बसवा. तिथे अपेक्षित उत्तर आलं, की त्याच प्लेटवर अर्क लावा.

सेल लाइन: पी५३ आणि आरबीची चौकशी करूनच घ्या

मराठवाड्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर काम करावंसं वाटणं साहजिक आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायकांवर झालेल्या तपासणीच्या अभ्यासाचे निष्कर्ष २००९ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आले. एकदाच एचपीव्ही चाचणी (हा कर्करोग घडवणाऱ्या विषाणूची) केलेल्या गटात या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर आल्याचं त्यात दिसलं. मग विद्यार्थी म्हणतो, सर, हेला घेऊ. घ्या, पण ती काय आहे ते समजून.

हेला ही १९५१ मध्ये हेन्रिएटा लॅक्स यांच्या गाठीतून आलेली सेल लाइन, म्हणजे प्रयोगशाळेत सतत वाढवता येणाऱ्या पेशी, आणि तिच्यात एचपीव्ही-१८ आहे. विषाणूचं ई६ प्रथिन पी५३ ला नष्ट करवतं आणि ई७ आरबीला निकामी करतं. म्हणजे डॉक्सोरुबिसिन दिल्यावर पी२१ चा आरएनए जसा उसळायला हवा तसा उसळत नाही, आणि पाल्बोसिक्लिबचा तर फारसा परिणामच होत नाही, कारण त्याला धरायला शाबूत आरबी नाही. एचपीव्ही-१६ असलेल्या सिहा लाइनचीही तीच कथा. हे माहीत नसलेला विद्यार्थी दोन महिने प्रायमर बदलत बसतो.

पहिल्या प्रयोगासाठी एमसीएफ-७ बरी. स्तनाच्या कर्करोगाची, पी५३ शाबूत, आरबी शाबूत. सीडीके४/६ ला रोखणाऱ्या पी१६ चं जीन मात्र तिच्यात गळालेलं आहे, तेव्हा पी१६ मोजायला जाऊ नका; कॅस्पेज-३ सुद्धा नाही, म्हणून पेशीमृत्यूसाठी तो मार्कर धरू नका. जोडीला पी५३ बिघडलेली एमडीए-एमबी-२३१ घेतली तर तुलना बोलकी होते. पेशी पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या संग्रहातून आणा. शेजारच्या लॅबमधून 'एक फ्लास्क द्या ना' करून आणलेल्या पेशींची एसटीआर तपासणी (डीएनएवरून ओळख पटवणारी) आणि मायकोप्लाझ्मा (पेशींबरोबर छुपे वाढणारे जिवाणू) चाचणी झालेली नसते. मायकोप्लाझ्मा असेल तर बरीच जीन्स औषधाशिवायच हललेली असतात.

मे महिना, वीज आणि खोली

पुस्तकात हा भाग सापडणार नाही. पेशी वाढवायचा सीओटू इन्क्युबेटर फक्त तापवतो, थंड करत नाही. खोलीचं तापमान ३७ पेक्षा निदान पाच अंशांनी कमी असेल तरच तो ३७ वर स्थिर राहतो. नांदेड-परभणीला मे महिन्यात बाहेर ४२-४३ असतं तेव्हा एसी बंद पडलेल्या खोलीत आतला आकडा हळूच ३८-३९ वर चढतो. उष्णतेच्या ताणाने पेशी चक्रात थांबतात, आणि मग कंट्रोललाच ट्रीटमेंट दिल्यासारखं होतं. इन्क्युबेटरच्या काचेच्या दारामागे एक साधा थर्मामीटर ठेवा आणि सकाळ-संध्याकाळ नोंद करा. डिस्प्लेवर विसंबू नका.

वीज जाण्याची सोय म्हणून मी एक नियम सांगतो: औषधाची वेळ अशी लावा की पेशी गोळा करणं सकाळी येईल. एकदा पेशी ट्रायझोल या आरएनए टिकवणाऱ्या द्रावणात विरघळल्या की आरएनए सुरक्षित असतो. तो नमुना ४ अंशांवर रात्रभर आणि उणे २० वर महिनोन्‌महिने टिकतो. आरएनए काढून पाण्यात घेतल्यावर मात्र फ्रीजर बंद पडलेला परवडत नाही. पेशींचा साठा ठेवायला लिक्विड नायट्रोजन लागतो. जिल्ह्याच्या पशुसंवर्धन विभागात गायी-म्हशींच्या कृत्रिम रेतनाच्या रेतमात्रा त्यातच ठेवतात, तेव्हा पुरवठा कुठून आणि कधी येतो याची चौकशी तिथे करता येते.

डोस, द्रावक आणि वेळ

९६ खणांच्या प्लेटमध्ये एमटीटी ही रंगाची चाचणी करून डोसचा अंदाज घ्या. एमसीएफ-७ साठी डॉक्सोरुबिसिन ०.०५ पासून ५ मायक्रोमोलरपर्यंत आणि पॅक्लिटॅक्सेल १ पासून १०० नॅनोमोलरपर्यंत तपासलं तर वक्र नीट येतो. डॉक्सोरुबिसिन स्वतः लाल आहे, म्हणून पेशी नसलेला पण औषध असलेला एक खण कोऱ्या मापासाठी ठेवा. एमटीटी पेशींची चयापचयाची ताकद मोजतं, मृत्यू मोजत नाही, हे प्रबंधात लिहितानाही विसरू नका.

जीन एक्स्प्रेशनसाठी आयसी५० (वाढ निम्म्यावर आणणारा डोस) च्या वर जायचं नाही, खाली राहिलेलंच चांगलं. मरणाऱ्या पेशींचा आरएनए हा मरणाचा आरएनए असतो. शिवाय डॉक्सोरुबिसिन डीएनएत घुसून बसतं. डोस जास्त झाला की एकूणच ट्रान्सक्रिप्शन मंदावतं, आणि मग पी२१ सुद्धा वाढण्याऐवजी पडलेलं दिसतं. कमी डोसला वाढ आणि जास्त डोसला घट, असं आलं तर घाबरू नका. दोन्ही खरं असू शकतं.

द्रावकाची एक खोच आहे. सिस्प्लॅटिन हे प्लॅटिनमचं औषध डीएमएसओ या द्रावकात विरघळवायचं नाही. डीएमएसओ प्लॅटिनमला चिकटून औषध निकामी करतं. ते ०.९% सलाइनमध्ये करा. डॉक्सोरुबिसिन हायड्रोक्लोराइड पाण्यात जातं, पॅक्लिटॅक्सेल डीएमएसओत. जिथे डीएमएसओ आहे तिथे शेवटचं प्रमाण ०.१% च्या वर नको आणि कंट्रोललाही तेवढंच द्या. एक-दोन टक्के डीएमएसओ एकटंच पेशींना जी१ मध्ये थांबवू शकतं.

सहा खणांच्या प्लेटमध्ये प्रत्येक खणात अडीच-तीन लाख पेशी टाका आणि दुसऱ्या दिवशी औषध द्या. ४८ तासांनंतरही कंट्रोल ८०% च्या वर दाटता कामा नये. दाटी झाली की कंट्रोलच्याच पेशी जी१ मध्ये बसतात आणि सगळी तुलना बिघडते. वेळा ०, ६, १२, २४ आणि ४८ तास. प्रत्येक वेळेचा वेगळा कंट्रोल हवा. शून्य तासाशी ४८ तासांची तुलना चालत नाही. सहा तासांचा नमुना कंटाळा करून गाळू नका. एक चक्र २४ तासांचं आहे, तेव्हा सहा तासांत पेशींची वाटणी फारशी बदललेली नसते. त्या वेळेला जे जीन हललं ते औषधाच्या थेट संकेतामुळे हललं असण्याची शक्यता जास्त. ४८ तासांचा आकडा दिसायला भारी, पण त्यात सगळं मिसळलेलं असतं.

ही औषधं पेशींसाठी विष आहेत आणि तुमच्यासाठीही. नायट्राइलचे मोजे घाला, वजन हूडमध्ये करा, बेसिनमध्ये काही ओतू नका. कचरा पिवळ्या पिशवीत, त्यावर सायटोटॉक्सिकचं लेबल.

पेशी गोळा करणं

प्लेटवरचं मीडियम फेकून मग ट्रिप्सिन घालायची सवय असते. पॅक्लिटॅक्सेल दिलेल्या प्लेटवर असं केलं की प्रयोग संपला. विभाजनात अडकलेली पेशी गोल होते आणि तिची तळाची पकड सुटते. प्लेटला हलकासा धक्का बसला तरी ती तरंगते. म्हणजे ज्या पेशींसाठी प्रयोग केला त्याच मीडियमबरोबर कचऱ्यात जातात. तरंगणाऱ्या आणि चिकटलेल्या दोन्ही पेशी एका नळीत घ्या. मग त्यांचे तीन वाटे करा: एक ट्रायझोलमध्ये, एक प्रथिनांसाठी, एक फ्लो सायटोमेट्रीसाठी (प्रत्येक पेशीतला डीएनए मोजून टप्पा ओळखण्यासाठी). तिन्ही एकाच खणातून आले पाहिजेत. आज आरएनए आणि पुढच्या महिन्यात वेगळ्या पेशींवर फ्लो, असं केलं तर दोन्हीची सांगड घालता येत नाही.

फ्लोसाठी पेशी थंडगार ७०% इथेनॉलमध्ये थेंबाथेंबाने, व्होर्टेक्स हळू चालू ठेवून घाला. नुसतं ओतलं तर गुठळ्या होतात, आणि दोन चिकटलेल्या जी१ पेशी यंत्राला एक जी२ पेशी वाटते. नंतर आरएनए तोडणारं आरनेज आणि डीएनएला रंगवणारं प्रोपिडियम आयोडाइड. डॉक्सोरुबिसिन दिलं असेल तर मात्र प्रोपिडियम टाळा. औषध स्वतःच त्याच नारिंगी-लाल पट्ट्यात चमकतं आणि शिखरं सरकतात. डॅपी हा दुसरा रंग वापरा आणि त्याला चालणारा लेझर असलेलं यंत्र शोधा. आपल्या विद्यापीठात नसेल तर पुणे किंवा हैदराबादला पाठवता येतं. इथेनॉलमधल्या पेशी थंड ठेवल्या तर प्रवासात टिकतात, त्यामुळे त्यासाठी अडून बसायची गरज नाही.

आरएनए ते क्यूपीसीआर

हा भाग प्रोटोकॉलमध्ये छापलेला असतो, म्हणून थोडक्यात. २६०/२८० गुणोत्तर २ च्या आसपास हवं, जेलवर २८एस आणि १८एस चे दोन स्वच्छ पट्टे हवेत. डीएनेज देणं चुकवू नका. सगळ्या नमुन्यांत सीडीएनएसाठी (आरएनएवरून बनवलेली डीएनए-प्रत) आरएनए सारखाच घ्या. प्रायमर दोन एक्झॉनच्या सांध्यावर, कार्यक्षमता ९० ते ११०%, मेल्ट कर्व्हला एकच शिखर. रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्टेज न घातलेला एक आणि टेम्प्लेट न घातलेला एक, असे दोन नकारी कंट्रोल.

रेफरन्स जीनवर (बाकीची ज्याच्याशी तोलायची ते स्थिर जीन) मात्र थांबायला हवं. सवयीने सगळे बीटा-अ‍ॅक्टिन घेतात. औषधाने पेशीचा आकार बदलला की अ‍ॅक्टिनही हलतं. ट्यूब्युलिन तर नकोच: सूक्ष्मनलिका मोडणाऱ्या कोल्चिसिनने सुट्टं ट्यूब्युलिन वाढलं की पेशी ट्यूब्युलिनचा आरएनए स्वतःच कमी करते. जीएपीडीएच, टीबीपी, आरपीएलपी० अशी तीन तपासा, तुमच्याच औषधाखाली स्थिर राहणारी दोन निवडा आणि त्यांची सरासरी वापरा.

मोजायची जीन्स कमी पण विचारपूर्वक घ्या: सीडीकेएन१ए, म्हणजे पी२१; सीसीएनडी१, म्हणजे सायक्लिन डी१ (पुढेही सीसीएन म्हणजे सायक्लिन); ई२एफच्या हुकमातलं सीसीएनई२ किंवा एमसीएम२; सीसीएनए२; सीसीएनबी१; सीडीके१. पाल्बोसिक्लिब असेल तर सीसीएनडी१ पडेल या भरवशावर राहू नका. तिथे पडतात ती ई२एफची जीन्स. सायक्लिन डी१ प्रथिन तर बऱ्याचदा साचतं.

आकडे वाचणं

समजा, एमसीएफ-७ ला डॉक्सोरुबिसिन देऊन २४ तास झाले. कंट्रोलमध्ये सीडीकेएन१एची सीटी (खूण दिसेपर्यंत लागलेल्या पीसीआरच्या फेऱ्या; जितक्या कमी तितका आरएनए जास्त) २५ आणि रेफरन्सची १८, म्हणजे डेल्टा सीटी ७. औषधाखाली डेल्टा सीटी ४ आला. फरक उणे ३, म्हणजे २ चा तिसरा घात: आठपट वाढ. सीसीएनबी१ चा डेल्टा सीटी ५ वरून ७ झाला, म्हणजे पाव हिस्सा उरला. आता फ्लोचा आलेख शेजारी ठेवा. दुप्पट डीएनए असलेल्या, म्हणजे जी२-एम च्या पेशी कंट्रोलमध्ये १५% होत्या त्या ४५% झाल्यात असं धरू.

आता बघा काय झालं. जी२-एम च्या पेशी तिप्पट झाल्या, तर सायक्लिन बी१ चा आरएनए वाढायला हवा होता. तो उलट चौथ्या हिश्श्यावर आला. नुसत्या पेशींच्या वाटणीने हा आकडा समजावता येत नाही. इथे जीन खरोखर दाबलं गेलंय असं म्हणायला आधार आहे. यंत्रणाही माहीत आहे: पी५३ मुळे पी२१ वाढतं, सीडीके थंडावतात, ड्रीम नावाचा प्रथिनसमूह आणि आरबी मिळून सीसीएनबी१, सीडीके१, पीएलके१ यांसारख्या जीन्सवर बसतात.

तोच प्रयोग पॅक्लिटॅक्सेलवर करा. जी२-एम पुन्हा वाढेल, पण सीसीएनबी१ ही वाढेल. हा आकडा पेशींच्या वाटणीने पूर्ण समजतो. 'पॅक्लिटॅक्सेल सायक्लिन बी१ चालू करतं' असं लिहायचं नाही. एमडीए-एमबी-२३१ वर डॉक्सोरुबिसिन द्या: पेशी जी२ मध्ये थांबतात, पी२१ फारसं हलत नाही, सीसीएनबी१ टिकून राहतं. एकच औषध, एकच टप्पा, आणि जीनचा कल वेगळा. प्रबंधात हीच आकृती सगळ्यात मोठी छापा.

सगळ्यात फसवा आकडा असतो तो पाल्बोसिक्लिबमधल्या सीसीएनबी१ चा. पेशी जी१ मध्ये, सीसीएनबी१ खाली. वाटणीमुळे की दाबल्यामुळे? क्यूपीसीआर एकटा हे सांगू शकत नाही. तिथे 'जी१ थांब्याशी सुसंगत घट' एवढंच लिहा. पुढे जायचंच असेल तर डबल थायमिडिन ब्लॉकने (थायमिडिन दोनदा देऊन पेशी एस टप्प्याच्या तोंडाशी थांबवून) पेशी एका रेषेत आणून सोडा, एस टप्प्यात शिरल्यावर औषध द्या आणि पुढचे आठ-दहा तास दर दोन तासांनी नमुना घ्या.

दुप्पट डीएनएच्या शिखरातही तीन वेगळ्या पेशी लपलेल्या असतात: जी२ मधल्या, एम मधल्या, आणि विभाजन अर्धवट सोडून परत जी१ सारख्या झालेल्या, गुणसूत्रांचे चार संच असलेल्या. पॅक्लिटॅक्सेलमध्ये ४८ तासांनी या तिसऱ्या जातीच्या बऱ्याच मिळतात, आणि पी५३ शाबूत असेल तर त्यांच्यात पी२१ वाढलेलं असतं. हिस्टोन एच३ वरच्या सेरीन १० ला फॉस्फेट लागलंय का हे अँटिबॉडीने पाहिलं की एम मधल्या वेगळ्या काढता येतात. अँटिबॉडीचं बजेट नसेल तर गोळा करण्याआधी मायक्रोस्कोपखाली गोल पेशी मोजून फोटो काढून ठेवा. ढोबळ का होईना, पुरावा होतो.

वेस्टर्न ब्लॉट (प्रथिन मोजण्याची चाचणी) निदान पी२१ आणि सायक्लिन बी१ चा हवा. सायक्लिनचं काम प्रथिन पाडून टाकण्यावर चालतं, त्यामुळे आरएनए आणि प्रथिन एकमेकांना सोडून जाऊ शकतात.

संख्याशास्त्रात एकच आग्रह: तीन वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या पॅसेजवर केलेले प्रयोग म्हणजे तीन. एकाच सीडीएनएचे तीन खण म्हणजे एकच. चाचणी डेल्टा सीटीवर लावा, किती पट बदल झाला त्या आकड्यांवर नको.

कॉलेजात सेल कल्चरच नसेल तर

तरी हा विषय सोडू नका. जीईओ या मोफत संग्रहात औषध दिलेल्या सेल लाइन्सचे भरपूर डेटासंच पडलेत. औषधाचं आणि सेल लाइनचं नाव टाकून शोधा, प्रत्येक गटात निदान तीन नमुने असलेला संच घ्या, वेळ आणि डोस नोंदवलेत का ते पाहा. मायक्रोअ‍ॅरेसाठी जीईओ२आर ब्राउझरमध्येच चालतं, आरएनए-सीक्वेन्सिंगच्या मोजण्यांसाठी आर ही संगणकभाषा आणि तिचं डीईसेक२ पॅकेज. आठ जीबी रॅमचा लॅपटॉप पुरतो.

सिंगल-सेल संच (प्रत्येक पेशीचा आरएनए वेगळा मोजलेला) मिळाला तर सोन्याहून पिवळं, कारण आपला मूळ प्रश्न तिथे थेट विचारता येतो. स्यूरा हे पॅकेज एस टप्प्याच्या ४३ आणि जी२-एम च्या ५४ जीन्सवरून प्रत्येक पेशीला गुण देऊन टप्पा ठरवतं. मग फक्त जी२-एम ठरलेल्या पेशी घेऊन औषध आणि कंट्रोल यांची तुलना करा. सीडीके१, सीसीएनबी२ आणि टॉप२ए मात्र त्या यादीतच आहेत. ज्या जीनवरून टप्पा ठरवला त्याच जीनची त्या टप्प्यात तुलना करणं म्हणजे उत्तर आधीच ठरवून टाकणं. तुमचं जीन यादीत असेल तर ते काढा, गुण नव्याने मोजा, आणि मगच तुलना चालवा.